एकशे सतरा अर्ज आणि एक अभिप्राय

कपाटाची किल्ली नीरजाच्या पर्समध्ये होती, आणि तिला राग आला तो त्या किल्लीमुळेच.

समोर टेबलावर एक टाइप केलेला अर्ज पडला होता. खाली तिचं नाव, हुद्दा आणि सहीपुरती मोकळी जागा. वर हिंदीत लिहिलं होतं की या प्रकरणातला प्रत्येक कागद मी बारकाईने वाचला आहे आणि पूर्णपणे स्वतःच्या विचाराने या मताला आले आहे की व्यापक लोकहितासाठी हा खटला मागे घ्यावा. प्रकरणातले सगळे कागद त्या कुलूपबंद कपाटात होते. तिने स्वतःही ते अजून उघडले नव्हते.

नीरजा सरकारी वकील. राहायला देवासला, नोकरी तालुक्याच्या कोर्टात, रोजचा बसचा प्रवास. वडील अरविंद महाराष्ट्रातून इथल्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, कोर्टात हिंदी, साक्षीदारांशी माळवी, अशी तिची जीभ दिवसाला तीन वेळा कूस बदलायची. सात वर्षं तिने चोऱ्या, मारामाऱ्या आणि हातभट्टीची दारू यांचेच खटले चालवले होते. तिचं नाव वर्तमानपत्रात कधी आलं नाही, यावं असं तिला वाटलंही नाही.

अर्ज घेऊन आला होता रणवीर, तिच्याच कचेरीतला, तिला दोन वर्षांनी धाकटा. तो खुर्चीत बसलाही नाही.

"वरून आलंय मॅडम. साइन भर करनी है."

वाचून बघते, ती म्हणाली.

"तुम्ही कशाला तकलीफ घेता? वरच्यांनी वाचलंय," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

दुपारी तिने कपाट उघडलं.

प्रकरण मतदार यादीचं होतं. टोंकखुर्दच्या वाटेवरच्या एका गावात एकशे सतरा लोकांची नावं यादीतून उडाली होती. हे लोक गाव सोडून गेले आहेत, यांची नावं काढा, असे एकशे सतरा अर्ज एकाच गठ्ठ्यात दाखल झाले होते, आणि प्रत्येकाखाली अर्जदार म्हणून सही होती सुभद्राबाईंची. सुभद्राबाई म्हणजे त्याच गावात पिठाची गिरणी चालवणारी एकटी विधवा. गाव सोडून गेलेली म्हणून जी माणसं दाखवली होती, ती रोज त्यांच्याच गिरणीवर गहू टाकून जात होती.

मतदानाच्या दिवशी माणसं रांगेतून हात हलवत परतली. संध्याकाळपर्यंत कुणीतरी अर्जाची प्रत गावात फिरवली. दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण आलं नाही. शेजारच्या बाईने दारात उभं राहून विचारलं, "काय बाई, आमच्या दळणावर जगलीस आणि आम्हालाच गाव सोडून गेलेलं दाखवलंस?" त्या दिवसापासून त्यांच्याशी कुणी बोललं नाही. गावाने काही ठरवलं नव्हतं, नुसतं तोंड फिरवलं होतं.

ज्या तारखेला ते अर्ज लिहिले गेले, त्या तारखेला सुभद्राबाई इंदूरला डोळ्याच्या दवाखान्यात होत्या, मोतीबिंदू काढून उजव्या डोळ्यावर पट्टी बांधलेली. दवाखान्याचा कागद फाईलमध्ये लावलेला होता. हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवालही होता. त्यात लिहिलं होतं की सगळ्या सह्या एकाच हाताच्या आहेत, आणि तो हात योगेंद्रचा. योगेंद्र भागातल्या वजनदार नेत्याचा भाचा, ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवणारा. खोट्या सह्यांची फिर्याद सुभद्राबाईंनी दिली होती आणि खटला उभा होता तो याच योगेंद्रवर.

आणि मागे घेण्याच्या त्या अर्जात कारण काय दिलं होतं? फिर्यादी आणि ग्रामस्थ यांच्यात आपसात वैमनस्य असून त्यातून ही तक्रार झाली आहे, खटला संपल्यास गावात सलोखा नांदेल. नीरजाने ते वाक्य दोनदा वाचलं. ज्याने घर पेटवलं त्यानेच धुराची तक्रार करावी, तसं ते होतं. खटला मागे घेतला तर सुटका होणार होती ती योगेंद्रची. सुभद्राबाई मात्र मरेपर्यंत गावाची नावं कापणारी बाई म्हणून राहणार होत्या.

दोन दिवसांनी जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला. ते गोडच बोलले. तुझी पदोन्नती जवळ आली आहे, घरी वडील थकलेत, देवासच्या जवळपासच राहिलेलं बरं नाही का, असं विचारत राहिले. खटल्याचं त्यांनी नावही घेतलं नाही. तिला त्याचाच जास्त संताप आला. धमकीसुद्धा उघड द्यायची नाही, म्हणजे उद्या नाकारता येते.

रात्री जेवताना तिने वडिलांना सगळं सांगितलं. अरविंदरावांनी चौतीस वर्षं कारखान्यात तयार माल तपासण्याचं काम केलं होतं. ते भाकरी मोडत ऐकत राहिले.

"फाईल वाचलीस?"

"वाचली बाबा. तीनदा."

"मग आता मला काय विचारतेस?" ते म्हणाले. त्यांनी ताकाची वाटी तिच्याकडे सरकवली. "घरात माझ्या औषधांचं मी बघीन. एवढंच आहे ना?"

कायद्याने असा अर्ज वकिलाने स्वतःच्या बुद्धीने द्यायचा असतो; वरून फार तर सुचवता येतं. कायदा असं म्हणतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच टाइप केलेल्या मसुद्यात "स्वतःच्या विचाराने" हे शब्द आधीच घालून पाठवतात. नीरजाने मसुदा बाजूला ठेवला आणि दीड पानाचा अभिप्राय लिहिला: पुरावा पुरेसा आहे, वैमनस्य हे तक्रारीचं कारण नसून गुन्ह्याचा परिणाम आहे, खटला मागे घेणं योग्य नाही. मसुदाही तिने फाडला नाही. सहीच्या रिकाम्या जागेसकट तो अभिप्रायाला जोडला आणि दोन्ही कागद कोर्टात दाखल करून पोच घेतली.

नवव्या दिवशी बदलीचा हुकूम आला. धार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बदनावरच्या बाजूला. चार्ज घेतला रणवीरने, आणि तोच अर्ज नव्या नावाने दुसऱ्या दिवशी कोर्टात गेला. तोच मजकूर, तीच बारकाईने वाचल्याची ग्वाही. फाईल त्याच्या ताब्यात येऊन वीस तासही झाले नव्हते.

चार्ज दिला त्या संध्याकाळी सुभद्राबाई तिला बसस्टँडवर गाठायला आल्या. हातात पिशवी, डोळ्यांवर जाड भिंगं.

"तुम्ही चाललात, आता माझं कोण बघणार?"

नीरजाने त्यांना कसलंही आश्वासन दिलं नाही. उद्याच कोर्टात जा आणि पूर्ण फाईलची नक्कल मागा, एवढंच सांगितलं. "पूर्ण म्हणायचं, बाई. एकही पान सोडायचं नाही."

सुभद्राबाईंनी एकही पान सोडलं नाही. अर्जाच्या सुनावणीला त्या ती नक्कल घेऊन उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी रणवीरला विचारलं, की आधीच्या वकील बाईंनी याच पुराव्यावर खटला चालवायला हवा असं लिहिलंय, दहा दिवसांत पुराव्यात काय बदललं? रणवीरने तारीख मागितली. पुढच्या वेळी पुन्हा मागितली. चौथ्या तारखेला कोर्टाने खटला मागे घ्यायला परवानगी नाकारली.

याला न्याय झाला असं कुणी म्हणू नये. तोवर योगेंद्र स्वतः निवडणुकीला उभा राहून निवडून आला होता आणि जनपद म्हणजे तालुक्याच्या पंचायतीच्या खुर्चीत बसत होता. एकशे सतरांपैकी साठ जणांची नावं अजूनही यादीत परतली नव्हती. आणि सरकारच्या बाजूने खटला चालवायचा होता, तो ज्याने मागे घ्यायची सही केली त्याच रणवीरने.

साक्ष झाली त्या दिवशी सुभद्राबाईंचा बदनावरला फोन आला.

"त्या वकिलाने मला नाव विचारलं, वय विचारलं, आणि खाली बसला. दवाखान्याचं काहीच नाही. मग मीच म्हटलं, जज्जसाहेब, मला अजून बोलायचंय. पट्टीचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं." मग म्हणाल्या, "शेजारीण आली होती कोर्टात. मागे बसली होती. बोलली नाही. पण परतताना बसमध्ये माझ्याच बाकावर बसली."

फोन ठेवला तेव्हा नीरजाच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस पडली होती. वरिष्ठांची परवानगी न घेता आपण कोर्टात अभिप्राय दाखल केलात, तो कोणाच्या सांगण्यावरून, याचा सात दिवसांत खुलासा करावा.

तिने सात दिवस घेतले नाहीत. लिहिलं: कोणाच्याही सांगण्यावरून नाही, फाईल वाचून. खाली सही केली, दोन प्रती काढल्या, आणि बाबूसमोर उभी राहून एकीवर पोच मागून घेतली.