अप्पांसाठी सपाट बुडाची नाव: बेंगळुरू ते हिडकल

गेल्या दिवाळीत अप्पा नावेतून पाण्यात पडले, आणि त्या दिवसापासून त्यांनी धनुष्य खुंटीला टांगलं ते टांगलंच.

अप्पा म्हणजे माझे वडील. हिडकल धरणाच्या फुगवट्याकाठी आमचं गाव. काठालगत गुडघाभर पाण्याचा पसारा असतो, उन्हाळ्याकडे पाणी ओसरलं की आणखीच, आणि त्यात अप्पा नावेच्या टोकावर उभे राहून बाणाने मासे मारतात. मारायचे. बाणाला दोरी बांधलेली असते, मासा लागला की ओढून घ्यायचा. आयुष्यभर ही एकच चैन केली त्यांनी. पडल्यापासून मात्र दिवसभर खुर्चीत बसून असतात, असं आई फोनवर सांगायची. मला काही बघवत नव्हतं, आणि लांबून तर ऐकवतही नव्हतं.

मी बेंगळुरूला गाड्यांचे दरवाजे डिझाइन करते. त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण मला डिझाइनची वाटते. माणूस पडला? मग नाव चुकीची! त्यांची जुनी नाव अरुंद आणि गोल बुडाची, नुसता खोकला आला तरी डुलायची. मी ठरवलं, अप्पांना अशी नाव करून द्यायची की तिच्यावर उभं राहून त्यांनी फुगडी घातली तरी हलू नये. नवरा, मिलिंद, म्हणाला, "वैशाली, मार्केटमध्ये रेडीमेड मिळतात गं." पुण्याचा माणूस, त्याला काय सांगणार!

ज्यांना अशी नाव करायची आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. उथळ पाण्यात बाण मारायचा तर नावेचं बूड सपाट हवं. इंग्रजी व्हीच्या आकाराचं बूड लाटा छान कापतं, पण ते खोल बसतं आणि माणूस कडेला सरकला की कलतं. सपाट बूड वीतभर पाण्यातही तरंगतं. त्यालाही एक खोड आहे: समोरून लाट आली की थपाथप वाजतं आणि मासा पळतो. म्हणून पुढचा भाग जरा उचललेला ठेवायचा. रुंदी लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी तरी ठेवा. तळाला मधली पट्टी नको, ती बुडालेल्या बाभळींच्या खुंटांत अडकते. टोक निमुळतं न करता चौकोनी करा, दोन पाय फाकवून उभं राहता येईल एवढं. इंजिन लावू नका, बांबूने ढकलायची. शेवटची गोष्ट, बाणाने मासे मारायला सगळीकडे मुभा नसते. आम्ही धरणावरच्या मच्छीमार सोसायटीला विचारलं होतं, तुम्हीही निघायच्या आधी विचारा.

नाव बनली येलहंक्याच्या पुढे, बागेतल्या घसरगुंड्या करणाऱ्या एका फायबरच्या कारखान्यात. सर्जापूर रोडवरच्या आमच्या घरून तिथं पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस तुमकूर गाठेल. कारखानदाराने माझं चित्र उलटसुलट बघितलं आणि टोकावर बोट ठेवून विचारलं, "इल्ली तूक एष्टु, मॅडम?" म्हणजे इथं वजन किती. बरोबरच होतं त्याचं. टोकावर उभ्या माणसाच्या वजनावर सगळं बेतायचं होतं. मी तिथूनच घरी फोन लावला.

"आई, अप्पांचं वजन किती गं?"

 तिने आत वळून विचारलं, आणि अप्पांचा आवाज आला, "अठ्ठ्याहत्तर सांग की."

"म्हणजे माझ्याएवढंच," शेजारी उभा मिलिंद म्हणाला. मी आकडा लिहून दिला. नाव तयार झाल्यावर मी तिच्या कडेला एक बारीक लाल रेघ मारून घेतली. मागे मी, पुढे अप्पा, असे दोघं चढलो की पाणी बरोबर त्या रेघेला लागायला हवं. आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये तपासून बघू का, असं मी सेक्रेटरींना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी म्हैस पोहायला आणतेय. विषय संपला.

मार्चमधल्या एका शनिवारी पहाटे नाव गाडीच्या टपावर दोऱ्यांनी करकचून बांधली, मागे लाल फडकं लावलं आणि निघालो. वॉचमन अण्णा म्हणाले, "पावसाळ्याची तयारी का अक्का?" दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या सर्जापूर रोडवर राहणाऱ्याला हा विनोद नवा नाही. तुमकूर रोडच्या टोलवरच्या मुलीनेही तोच केला. मी दोन्ही वेळा हसले. मन हलकं होतं माझं, खोटं कशाला सांगू.

टपावर नाव असली की ऐंशीच्या वर जाऊ नका, वारा धरते. क्यातसंद्रला ताटाएवढी तट्टे इडली खाल्ली, वर लोण्याचा गोळा. दोघांचं पोट दीडशे रुपयांत भरलं. चित्रदुर्गच्या पवनचक्क्या धुळीत अर्ध्या दिसत होत्या, आणि दिवसभर आभाळ असं मळकट होतं की दुपार कधी झाली कळलंच नाही. दावणगेरेला लोण्यातला बेण्णे डोसा खायचा बेत होता, पण एक दोरी सैल झाली आणि ती आवळण्यात तास गेला. मिलिंद चिडला, मी त्याच्यावर चिडले. हुबळीत मुक्काम केला. लॉज साधं, पण पार्किंग मोठं होतं. टपावर नाव असेल तर आधी पार्किंग बघा, खोली नंतर.

दुसऱ्या दिवशी बेळगाव मागे टाकून हायवे सोडला आणि दुपारच्या आत घरी पोचलो. अप्पा दारातच होते. अंगात स्वेटर, त्याच्या आत सदरा, गळ्याला मफलर. मार्चात!

"अप्पा, हे काय? थंडी कुठं आहे?"

"वारं लागतंय गं पाण्यावरचं," अप्पा म्हणाले आणि नावेकडे गेले. सगळीकडून हात फिरवला. बूड ठोकून बघितलं. टोकावर तळवा ठेवून उभे राहिले. "ऐसपैस आहे की," एवढंच म्हणाले, पण त्यांचे डोळे लकाकले. मी आईकडे बघितलं. ती चहा ठेवायला आत निघून गेली.

ऊन उतरल्यावर आम्ही चौघं पाण्याकडे गेलो. पाणी खूप मागे गेलं होतं, चिखलातून बाभळींची काळी खुंटं वर आली होती. माणूस नाही, काणूस नाही. आधी मी मिलिंदला टोकावर उभं केलं आणि मागे मी चढले. आई काठावरून म्हणाली, "टेकलं गं, रेघंला पाणी टेकलं." मी वाकून बघितलं. अगदी बरोबर! मिलिंदने उड्या मारून बघितल्या, नाव ढिम्म. मला इतका आनंद झाला की मी त्याला तिथल्या तिथे कालच्या भांडणाची माफी देऊन टाकली.

मग मिलिंद उतरला आणि अप्पा चढले. पाय फाकवून उभे राहिले, हातात धनुष्य. मी बांबू हातात घेतला.

"वैशाली, थांब," मिलिंद काठावरून म्हणाला. "पुढची रेघ वर आलीये."

"किती?"

"बोटभर तरी आहे."

मी म्हटलं, अप्पा, जरा पुढे सरका. ते सरकले. अगदी काठाला बोटं लावून उभे राहिले. रेघ कोरडीच. मला वाटलं माझं गणित चुकलं. पण गणित कसं चुकेल? आत्ताच तर त्याच जागी मिलिंद उभा होता आणि रेघ बरोबर लागली होती. नाव तीच, पाणी तेच, मागे मीच. बदलला होता तो एकच माणूस.

मी अप्पांच्या पाठीकडे बघत राहिले. वाऱ्याने स्वेटर अंगाला चिकटला होता, आणि त्याच्या आत माणूस फार थोडा होता. स्वेटर कशासाठी घातला होता ते मला तेव्हा कळलं.

"आई," मी ओरडले, "अप्पांचं वजन खरं किती आहे?"

आईने पदर तोंडाला लावला. "तुला कसं सांगायचं गं? तू तिकडं एवढ्या लांब. डॉक्टर म्हणाले बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्या. हे ऐकत नाहीत."

"किती दिवस झाले?"

"दिवाळीच्या आधीपासनं चाललंय."

दिवाळीच्या आधीपासून. म्हणजे अप्पा जुन्या नावेतून पडले ते नाव डुलली म्हणून नाही. मी चार महिने त्या बिचाऱ्या नावेच्या नावाने खडे फोडत होते.

"अप्पा, खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठलं? होतं की तेवढं," अप्पा म्हणाले. त्यांनी वळूनही बघितलं नाही. "आता आलोय तर ढकल. रडायचं ते घरी रड."

मी ढकलली. दुसरं काय करणार होते? नाव खुंटांमधून अलगद सरकत गेली. थपथप नाही, कलणं नाही, काही नाही. थोड्या वेळाने पुढे मरळ श्वास घ्यायला वर आला. अप्पांनी हात वर करून मला थांबवलं, बाण लावला आणि ओढला. धनुष्याची दोरी गालापर्यंत यायला हवी. ती छातीपाशीच अडली. पाय मात्र घट्ट होते. त्यांनी तसाच सोडला. बाण माशाच्या अलीकडेच पाण्यात पडला आणि मरळ निघून गेला.

अप्पांनी दोरी ओढून बाण परत घेतला, पुसला आणि टोकावरच खाली बसले.

"नावेला नावं ठेवायला जागा नाही हं वैशू," ते म्हणाले. "खरं मीच उरलो नाही तेवढा."

मला हुंदका आवरला नाही. बांबू चिखलात रोवून मी तशीच बसले. अप्पांनीही मला लवकर घरी चल म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बेंगळुरूला यायला तयार झाले, जराही वाद न घालता. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. निघताना बघते तर शेजारचे बसू अण्णा आणखी दोघांना घेऊन नाव खांद्यावर घालून नेताहेत.

"अप्पा! माझी नाव कुठं चालली?"

"त्याला दिली. पडून राहिली की नाव खराब होते."

"अहो, पण परत आल्यावर तुम्ही..."

"बस गाडीत," ते म्हणाले. आई त्यांच्या शेजारी बसली होती, तिने फक्त माझ्याकडे बघून मान हलवली. परतीच्या वाटेवर कुठं थांबलो, काय खाल्लं, मला आठवत नाही, त्यामुळे त्या बाजूची हॉटेलं मला विचारू नका.

आता आम्ही चौघं सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आहोत. तपासण्या झाल्या. आजाराचं नाव मी इथं लिहीत नाही. उशीर झालाय, एवढं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दिवाळीत आणलं असतं तर, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी औषधांचा कागद लिहायला घेतला.

नावेचे फोटो टाकल्यापासून बऱ्याच जणांनी चित्र मागितलं आहे. देईन. हीच मापं घ्या, निर्धास्त करा. फक्त जो माणूस टोकावर उभा राहणार आहे, त्याला स्वतः जाऊन वजनकाट्यावर उभं करा, फोनवर विचारू नका. बसू अण्णांचा फोन येतो अधूनमधून. सांगतात, नाव एक नंबर आहे, पाण्यावर पाट मांडल्यासारखी बसते. मी बरं म्हणते आणि फोन ठेवते. फार चांगली झाली नाव. जरा तरी डुगडुगायला हवी होती. मग तिलाच बोल लावत बसलो असतो आम्ही सगळे.