फाळक्यामागचा शब्द

कुरुंद्याच्या जळबाची पिकअप तपासून झाल्याशिवाय दारातून हलायची नाही. हळदीची पोती घेऊन शेतकरी हातघाईवर आलेला असो, की कुणाच्या लग्नाचा मांडव वेळेत पोचवायचा असो, जळबाला त्याचं काही नसे. गावातली पोरंटोरं म्हणायची, "जळबामामा विमान उडवून राहिले." गावाला काय, दुसऱ्याच्या काळजीची चेष्टा करायला फार लांब जावं लागत नाही. जळबा ऐकून घ्यायचा आणि बॉनेट उघडायचा.

आधी ऑइलची पट्टी बाहेर काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवून उजेडात धरायची. मग रेडिएटरचं पाणी. मग पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून किती सैल आहे ते बघायचं. त्यानंतर हातात लोखंडी गज घेऊन चारी टायरांवर ठोके टाकत फिरायचं. टायर बरोबर असला तर आवाज भरीव येतो, हवा कमी असली तर फुसका. ठोका टाकून जळबा मान तिरकी करून थांबायचा आणि त्या वेळी त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही. पाहुणा दारात उभा असला तरी त्याला तसाच ताटकळत ठेवायचा. तऱ्हेवाईक होता माणूस, यात शंका नाही.

हे सगळं एकट्यानं व्हायचं. पण मागचे दिवे एकट्यानं तपासता येत नाहीत. पाय ब्रेकवर असला की डोळे मागं जात नाहीत, आणि मागं जाऊन बघावं तर ब्रेकवर पाय कुणाचा? मुलगा धम्मानंद एकदा म्हणाला, "बाबा, सीटला अडकवून काठी लावा की ब्रेकला." जळबा म्हणाला, "काठीला काय समजतंय?" विषय संपला. त्या कामाला रुक्माबाई लागायची, त्याची बायको.

ती चुलीसमोरून उठायची, पिठाचे हात तसेच घेऊन. लुगड्याचा घोळ सावरत, पुटपुटत केबिनमध्ये चढायची. गाडीतलं तिला एवढंच येत होतं. जळबा हौद्याच्या मागच्या फाळक्यामागं जाऊन उभा राहायचा आणि तिथून हुकूम सोडायचा.

"डावा."

ती स्टिअरिंगखालची इंडिकेटरची कांडी फिरवायची. मागून यायचं, "लागला."

"उजवा."

"लागला."

"आता दाब."

ती ब्रेक दाबायची आणि दाबूनच धरायची. मी सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे त्यानं तिला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. जळबा दोन्ही दिवे नीट निरखायचा, आणि मग त्याचा जाड, घोगरा आवाज यायचा, "लागले." तो शब्द आला की तपासणी झाली. ती उतरून चुलीकडं, तो स्टिअरिंगवर.

धम्मानंदचं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुण्यांच्या मानपानावरून नवरा-बायकोत मोठा अबोला पडला. दोघंही हट्टी. ताट वाढलंय हेसुद्धा भिंतीला उद्देशून सांगितलं जायचं. पण सकाळी तेवढं "दाब" आणि "लागले" चुकलं नाही. बाकीचं सगळं बोलणं बंद असताना एवढं बोलणं चालू राहिलं, आणि त्यातूनच पुढं दोघांचा राग निवळला. रुक्माबाईला हे नंतर फार आठवायचं.

तो दिवस उन्हाळ्यातला होता. हळदीचा हंगाम भरात आलेला, गाडी रोज विक्रीची हळद घेऊन वसमतच्या मोंढ्याला जात होती. जळबानं ऑइल बघितलं, पाणी बघितलं, टायर ठोकले. रुक्माबाई केबिनमध्ये चढली. डावा लागला, उजवा लागला. "आता दाब," मागून आवाज आला आणि तिनं ब्रेक दाबला.

पुढचा शब्द आला नाही.

ती थांबली. तव्यावर भाकरी टाकून आली होती, तिचा करपल्याचा वास यायला लागला. "अवं, लागले का न्हाई?" ती ओरडली. उत्तर नाही. तिनं आरशात पाहिलं, पण आरशात गाडीच्या बाजू दिसतात, फाळक्यामागचा माणूस दिसत नाही, आणि मागच्या काचेकडं वळावं तर ब्रेकवरचा पाय सुटायचा. तिला राग आला. "झोपलात का काय तिकडं? का कुणाशी गप्पा हाणून राहिले? माझी भाकर जळून गेली की!" एवढं बोलूनही तिनं पाय उचलला नाही. उचलला असता तर तोच पुन्हा बोलला असता, मी सांगितलं होतं का, म्हणून.

शेजारची मंजुळाबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. तिची किंकाळी ऐकू आली तेव्हा रुक्माबाईचा पाय ब्रेकवरून निघाला.

डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली आणि जागच्या जागी गेला, कुणालाच काही करता आलं नसतं. सगळ्यांनी तिला हेच सांगितलं आणि ते खरंच होतं. पण मंजुळाबाई भोळेपणानं आणखी एक बोलून गेली. म्हणाली, "दिवे कसे लालभडक लागले व्हते गं, त्याच्या तोंडावर उजेड पडला व्हता." म्हणजे तो मातीत पडला होता आणि आपण पुढं बसून त्याला झोपलात का विचारत होतो. हे रुक्माबाईच्या काळजात रुतून बसलं. ते कुणाला काढता आलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी आले, जे जन्मतं ते जातं असं समजावून सांगितलं. रुक्माबाईनं हात जोडून सगळं ऐकलं, तिला ते पटलंही. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीसमोर भाकरी थापत होती आणि अंगणातून आवाज आला.

"आता दाब."

रोजचाच आवाज. घाई नाही, दुखणं नाही. ती उठली, पिठाच्या हातानं केबिनमध्ये चढली, चावी फिरवली आणि ब्रेक दाबून बसली. मागून काही आलं नाही. चूल विझली तरी ती बसून होती. त्यानंतर रोज सकाळी तेच. "दाब" यायचं, पण "लागले" कधीच यायचं नाही.

धम्मानंद हिंगोलीला लाईनमन होता. आईच्या सोबतीला त्यानं बायकोला, करुणाला कुरुंद्यात ठेवलं. करुणा समजूतदार पोरगी. सासू गाडीत जाऊन बसते हे तिनं पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. पण गाव मुकं नसतं. जळबाची बायको ठिकाणावर राहिली नाही, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा करुणा एका सकाळी केबिनच्या दाराशी गेली.

"आत्या, मी उभी राहते मागं. मी सांगते लागले म्हणून. मंग तर झालं?"

रुक्माबाईनं तिचा दंड धरला. "तिथं पाय ठेवू नको," ती म्हणाली. "तिथं ते हायेत."

करुणानं तिकडं पाहिलं. फाळक्यामागं जमिनीचा एक उघडा तुकडा होता. पावसानं अंगणभर गवत माजलं होतं, तेवढ्या तुकड्यात काडी उगवली नव्हती. वर्षानुवर्षं ऑइल सांडून जमीन मेली असेल, हे तिला कळत होतं. तरी त्या दिवसापासून ती अंगण झाडताना तेवढी जागा सोडून झाडू लागली.

धम्मानंद आला तो हे ऐकूनच आला. "माय, आपल्यात भूतबित मानत न्हाईत," तो म्हणाला.

"मी कुठं मानते? मला ऐकू येतं."

त्यानं दुसरीकडून सुरुवात केली. "गाडी उभ्या उभ्या सडून चालली, एखाद्या चालवणाऱ्याला विकून टाकू. उंदरांनी वायरी कुरतडल्या, त्या मी परवा बदलल्या. टायर एका अंगाला बसून राहिले. बाबांनी किती जीव लावला व्हता तिला. आज त्यांनी पाहिलं असतं तर काय म्हणले असते?"

हे मात्र तिला लागलं. जळबानं पाहिलं असतं तर त्यानं आधी तिलाच फैलावर घेतलं असतं. गाडी चालती राहिली पाहिजे, हे तिला पोराच्या आधी कळत होतं. तिचं भय वेगळंच होतं. नवऱ्याचा शब्द तोंडात राहून गेला होता आणि तो सांगायला तो तिथं उभा होता. गाडीच गेली तर तो कुणाच्या मागं उभा राहील? रिकाम्या अंगणात, समोर दिवा नाही, काही नाही, असा कायमचा ताटकळत राहील. हे पोराला कसं सांगावं हे तिला कळेना, म्हणून ती एवढंच म्हणाली, "तपासायची राहिली हाय अजून."

याच उत्तरावर तिनं जवळा बाजारचं एक गिऱ्हाईक दारातून परतवून लावलं. ते हसत गेलं. धम्मानंदला मान खाली घालावी लागली.

मग त्यानं गाडी घ्यायला अमरसिंगला आणलं. अमरसिंग राठोड वारंगा फाट्यावरचा, मालाच्या गाड्या चालवण्यात केस पांढरे झालेला. फाट्यावर जळबा आणि तो एका बाकावर बसून चहा प्यायचे. सकाळीच आला, रुक्माबाईसमोर क्षणभर हात जोडून उभा राहिला, आणि मग इकडचं तिकडचं न बोलता त्यानं बॉनेट उघडलं. ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून उजेडात धरली. अंगठ्यानं पट्टा दाबून पाहिला. टायरांवर ठोके टाकले आणि प्रत्येक ठोक्याला मान तिरकी केली.

रुक्माबाई उंबऱ्यात बसून बघत होती. त्या सकाळी चुलीपाशी तिला "दाब" ऐकू आलं नव्हतं. पहिल्यांदाच.

धम्मानंद आणि करुणा गाडीची कागदपत्रं काढायला आत गेले. अमरसिंग केबिनमध्ये चढला, चावी फिरवली, आणि त्यानं डोकं बाहेर काढून हाक मारली.

"मावशी, जरा मागं उभ्या राहा बरं. दिवे लागून राहिले का तेवढं सांगा."

तिला वाटलं, नाही म्हणावं. पण पाय मात्र उठले. गाडीच्या बाजूनं हात टेकत टेकत ती मागं गेली आणि त्या उघड्या जमिनीवर उभी राहिली.

एवढ्या वर्षांत ती इथं कधी उभी राहिली नव्हती. इथून फाळका दिसत होता, रंग उडालेला. हौद्याच्या पलीकडं केबिनची मागची छोटी काच दिसत होती आणि काचेत अमरसिंगची मान. ती बघतच राहिली. म्हणजे रोज सकाळी नवऱ्याला इथून आपला अंबाडा दिसत होता. अबोल्याच्या दिवसांतही दिसत होता. आपण पुढं तोंड करून पुटपुटत बसायचो आणि तो दिव्यांच्या आधी आपल्याकडं बघत असेल. त्या सकाळी त्यानं शेवटचं बघितलं तेही हेच असेल. तिला रडू फुटलं.

"डावा!" अमरसिंग ओरडला.

तिनं डोळे पुसले. "लागला."

"उजवा!"

"लागला."

"ब्रेक दाबला हं, मावशी!"

दोन्ही दिवे लाल झाले, स्वच्छ, एकसारखे.

आणि तिच्या मनात आलं, न्हाई लागले म्हणावं. एवढंच म्हणायचं. अमरसिंगला पुढून काय दिसणार? वायरीचा दोष म्हणून तो आज गाडी नेणार नाही. आणखी काही दिवस मिळतील. आणखी काही सकाळी केबिनमध्ये बसता येईल, कदाचित तेवढ्यात तो राहिलेला शब्द येईल. खोटं तिच्या जिभेवर आलं. काचेतली मान हलत नव्हती. तो पाय दाबून, तिच्यावर भरवसा ठेवून बसला होता, जशी ती बसायची. तिचे ओठ घट्ट मिटले. तिला खोटंही बोलवेना आणि खरंही.

"लागले."

आवाज तिच्या अगदी उजव्या खांद्यापाशी आला. जाड, घोगरा, रोजचा.

ती जागची हलली नाही. तिनं बाजूला वळूनही पाहिलं नाही. तिचे ओठ अजून मिटलेले होते, दातांखाली दुखत होते.

"हां, झालं मंग!" केबिनमधून अमरसिंग म्हणाला. दिवे विझले. तो खाली उतरून हात झटकत मागं आला. "मावशी, सर्दी झाली का वो तुमाला? एकदम आवाज बसल्यासारखा आला."

रुक्माबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं ऐकलं होतं. आत धम्मानंद करुणाला काहीतरी विचारत होता, पलीकडं मंजुळाबाईची कोंबडी कुरकुरत होती. तिच्या खांद्यापाशी आता कुणी नव्हतं. हे तिला न बघताच कळलं. तिनं फाळक्याला धरलं.

"ने बाबा गाडी," ती म्हणाली. "तपासून झाली."