उतरलेला आकडा

आमच्या घरात काही वर्षं रक्ताचा रिपोर्ट दहावीच्या निकालासारखा यायचा. आमच्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे आणि महिन्यातून एकदा मशीनवर घेण्याआधी त्यांचं रक्त तपासलं जाई. नव्वदचं दशक सरून दोन हजार साल लागत होतं. नाशकात तेव्हा अशी मशीन मोजकीच होती, त्यामुळे हॉलमध्ये तेच तेच चेहरे भेटायचे आणि गप्पांचा विषयही तोच. तुमचं क्रिएटिनिन किती?

शेजारच्या खाटेवर देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार असायचे. त्यांची आणि दादांची आकड्यांवरून चुरस चाले. आमचा मळा मखमलाबादला. शेवंती, मेथी, कोथिंबीर असं काय काय पिकवून दादा जन्मभर पंचवटीच्या बाजारात भाव करत आलेले, त्यामुळे समोरच्यापेक्षा आपला आकडा बरा असला की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. आजारातसुद्धा माणूस स्पर्धा शोधतो, याची मला तेव्हा फार गंमत वाटे.

मी देवळालीच्या एका शाळेत शिकवत होते. लग्न व्हायचं होतं, घरून बसने जाऊन-येऊन करायची. प्रश्न विचारायची मला लहानपणापासून खोड. मी दिसले की डॉक्टर म्हणायचे, “आल्या बाई. आता माझी तोंडी परीक्षा.” त्यांनीच मला समजावलं होतं की स्नायू रोज थोडे थोडे झिजतात, त्यातून जो कचरा निघतो तो क्रिएटिनिन. धडधाकट माणसाची किडनी तो बाहेर टाकते. दादांची टाकत नाही, म्हणून मशीन. यातला कचरा माझ्या पक्का लक्षात राहिला, स्नायू मात्र विसरले.

त्या चैत्रात आम्ही दादांना वणीच्या गडावर नेलं. देवीसमोर हात जोडून ते मोठ्यानेच बोलले, “आई, एवढा आकडा उतरू दे. जन्मभर अंडं-मटण तोंडाला लावणार नाय.” मी आणि आई एकमेकींकडे बघतच राहिलो. रस्सा कोणाच्या घरी शिजतोय हे वासावरून सांगणारा हा माणूस! पण बोलले ते बोलले, आणि गड उतरायच्या आधीच पाळायला लागले.

आणि आकडा उतरला. दोन आकडी होता तो एक आकडी झाला. पुढच्या महिन्यात आणखी खाली. कोलेस्टेरॉल तर असं आलं की तरण्या पोराने लाजावं. आईने पेढे वाटले. सुभेदारांचा चेहरा पडला. “देवी पावली,” दादा मला म्हणाले, “तुझ्या डॉक्टरला सांग.”

मी मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग उठून दादांच्या खाटेपाशी आले आणि त्यांचा दंड चिमटीत धरून पाहिला. सदऱ्याची बाही कधीपासून अशी लोंबत होती, मला आठवेना.

“हे खातात काय?” त्यांनी विचारलं.

आईने अभिमानाने सांगितलं. तेल नाही, तूप नाही, अंडं-मटण बंद, आणि डाळ अगदी नावाला. मशीनवर येण्याआधी एका डॉक्टरांनी डाळ कमी करायला सांगितली होती, ते पथ्य तिने इमानदारीने चालूच ठेवलं होतं.

“ते मशीनच्या आधीचं पथ्य, आई. आता उलटं आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी आणखी दोन तपासण्या सांगितल्या. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन फारच कमी निघालं, आणि शरीरात आतल्या आत काही धुमसत असेल तर वाढणारं एक मार्कर वाढलेलं निघालं. मी नेहमीसारखी प्रश्न घेऊन उभी राहिले. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

“किडनीचं काम मशीन निभावतंय,” ते म्हणाले. “डायलिसिसच्या पेशंटची मला खरी धास्ती असते ती हृदयाची. अंगात मांस उरलं नाही आणि आतून धग चालू राहिली, की त्याचा भार हृदयावर येतो. क्रिएटिनिन उतरलं ते स्नायूच आटले म्हणून. कोलेस्टेरॉलही अंगाला पोषण नाही म्हणूनच उतरलं. तुमच्या-माझ्यात ते कमी असलेलं बरं. यांच्यात इतकं कमी दिसलं की मला झोप लागत नाही.”

मी चक्रावून गेले. तोच आकडा, तेच रक्त, आणि एकाला शाबासकी तर दुसऱ्याला धोक्याची सूचना! दादा मात्र डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे पीकच वाळून गेलं, आणि आम्ही म्हणतोय विहिरीला पाणी पुरायला लागलं.”

डॉक्टर म्हणाले, “अगदी तसंच.” मला रडू यायला लागलं म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

उपाय सोपा होता. रोज अंड्यांचा पांढरा भाग, डाळ नेमाने, अधूनमधून चिकन. पिवळं मात्र नाही, कारण त्यातलं फॉस्फरस रक्तवाहिन्यांना बाधतं. एवढा सोपा उपाय, आणि दादा अंड्याला हात लावेनात.

“देवीला दिलेला शब्द हाय. बाजारातला भाव नाय, खालीवर करायला.”

“दादा, दसऱ्याला गडावर बोकड चालतो देवीला. मग तुमचं अंडं कसं खुपेल?”

“बोकड तिचा. अंडं माझं हाय.”

मी चिडले, भांडले, ताट आपटलं. डॉक्टरांनी फोनवर समजावलं. दादा ढिम्म. बाही रोज थोडी जास्त लोंबायची आणि मला भीती वाटायची की हा माणूस दिलेल्या शब्दाखातर आमच्या डोळ्यांदेखत जाणार.

तोडगा आईने काढला. एका सकाळी आंघोळ करून ती देव्हाऱ्यासमोर बसली आणि दादांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ह्यांचा नवस आजपास्नं माझ्याकडं. अंडं-मटण मी सोडलं. ह्यांना मोकळं कर, आणि तो आकडा वाढव.”

दादा उठून बसले. “असं चालतं व्हय?”

“घरातलं कोणीबी फेडू शकतं. तुमच्या आईचा नवस मी नाय फेडला? गडाच्या पायऱ्या कोण चढलं?”

आईला मटण दादांपेक्षा जास्त आवडायचं. सणाला नळी कोणाच्या वाटीत जाते ते मी लहानपणापासून बघत आले होते. तिने अंडी उकडली, सोलली, पिवळं काढलं आणि पांढरं त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

“पिवळं?” दादांनी विचारलं.

“डॉक्टर नाय म्हणलेत.”

“जीव पिवळ्यातच असतो,” दादा कुरकुरले आणि खाऊ लागले. पिवळं आईला चालेना, टाकवेना, म्हणून ते माझ्या डब्यात येऊ लागलं. पुढे शाळेत तपासणी झाली तेव्हा कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं ते माझं, आणि माझ्या बाबतीत ते वाईटच होतं.

काही महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा दोन आकडी झालं. अल्ब्युमिन वर सरकलं, ते धुमसणंही कमी झालं. सुभेदार सांत्वनाला वाकले, “होतं असं, धीर धरा,” तर दादांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. बिचारे पेढ्याकडे आणि दादांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग दादांनी त्यांना वाळलेल्या पिकाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, जणू स्वतःच शोधून काढली होती.

त्यानंतर दादा चांगली काही वर्षं जगले. माझं लग्न त्यांनी उभं राहून लावलं. शेवटी डॉक्टरांना धास्ती होती तेच झालं, एका सकाळी हृदय थांबलं. आईचा नवस चालूच राहिला. “आता कोणासाठी?” असं मावशीने विचारलं, तर म्हणाली, “शब्द त्यांचा हाय. माणूस गेलं म्हणून शब्द जात नाय.”

दोन हजार नऊच्या सुमारास आईला चालताना धाप लागायला लागली. मी तिचं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट हातात घेऊन पहिली नजर टाकली ती अल्ब्युमिनवर. ते कमी होतं. डॉक्टर म्हणाले, डाळ वाढवा, रोज एक अंडं द्या.

घरी आल्यावर ती काही बोलायच्या आत मी देव्हाऱ्यासमोर बसले. “आईचा नवस आजपासून माझ्याकडे,” म्हटलं. “तिला मोकळं कर.” मागून ती म्हणाली, “अगं, तुला तर नाय तरी कोलेस्टेरॉलपायी अंडं-मटण बंदच केलंय डॉक्टरने.” मी म्हटलं, “मग बरंच की.” बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

अंडं उकडून मी तिच्यासमोर ठेवलं. तिने सवयीने पिवळं वेगळं काढलं.

“तुला पिवळं चालतं, आई.”

तिने पांढरं सावकाश खाल्लं. पिवळं ताटाच्या कडेला तसंच होतं.

“हे त्यांना शेवटपर्यंत मिळालंच नाय,” ती म्हणाली, आणि मग तेही खाल्लं.