खंडेनवमीचा स्क्रू ड्रायव्हर

वडील गेले आणि त्यांची जुनी मोटरसायकल माझ्याकडे आली. हिर्डोशीहून भोरच्या कचेरीत एसटीच्या भरवशावर जाणारा माणूस रोज बोलणी खातो, म्हणून मी ती वापरायला घेतली. ऑइल, चेन, ब्रेक याबाबतीत वडील भलतेच कडक. स्वतःची छाती दुखायची तेव्हा मात्र तेल चोळून शेतावर जायचे. दवाखान्याचं नाव काढलं की खेकसायचे. त्याचा राग मला अजून येतो.

इंजिन ऐकायची त्यांची एक पद्धत होती. गाडी सुरू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि त्याची मूठ कानाला लावायची. नवरात्रात मी तसं केलं. आत टकटक, टकटक, मध्येच एक ठोका चुकलेला. आईलाही ऐकवलं. तिने मूठ झटकन कानापासून दूर केली.

"ह्यांच्या छातीत आसंच वाजायचं," ती म्हणाली. "रातभर ऐकायची म्या."

इंजिनातले टॅपेट ढिले झाले की असं वाजतं, हे मी तिला समजावत बसलो. भोरच्या मिस्तरीकडून ते सेट करून आणले. आवाज गेला.

खंडेनवमीला गाडी धुऊन झेंडूची माळ घातली. पाटावर पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर मांडून आईने हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती, गाडीही जागची हलत नाही. पूजेतल्या पान्ह्याला हात लावला म्हणून लहानपणी आईनेच मला झोडपलं होतं. आज तिनेच स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"आई, आज गाडी चालू करायची न्हाई."

"गाडीचं न्हाई. हिकडं ये."

तिने टोक सदऱ्यावरूनच माझ्या छातीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मला हसू आलं. ती हसली नाही. बराच वेळ तशीच उभी राहिली.

"कवापासनं दुखतंय?"

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"किक मारली की दुखतं," मी म्हणालो. खूप भीती वाटली. सदऱ्यावर डाव्या बाजूला कुंकवाचा ठिपका उमटला होता.

आईने गाडीची माळ काढून पाटावर ठेवली, पदर खोचला आणि मागे बसली.

"किक मारू नको. उताराला सोड गाडी, आपसूक चालू हुईल. दवाखाना गाठायचा," ती म्हणाली. "मागल्या येळंला म्या नुस्ती ऐकत बसले."