बाद झालेल्याची जागा

आमच्या डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, सप्टेंबर लागला की शनिवारी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. सगळं गाव कॉलेज फुटबॉल बघायला टीव्हीसमोर. मला त्या खेळाचा मनापासून राग होता. चेंडू हातात घेऊन चार पावलं पळायचं, एकमेकांच्या अंगावर पडायचं, मग जाहिराती. मी नागपूरची, क्रिकेटवर वाढलेली, आणि पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी बाई. नवा खेळ शिकायची हौस मला अजिबात नव्हती. तरी आज त्या खेळाचे नियम मला तोंडपाठ आहेत, आणि त्याला कारण आमचे शेजारी.

शेजारी ऐंशीच्या घरातले, एकटेच राहायचे. सगळी गल्ली त्यांना कोच म्हणायची, म्हणून आम्हीही. तरुणपणी ते कॉलेजच्या टीममध्ये बचावाला खेळले होते. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं आणि जो कोणी निसटून पुढे येईल त्याला पाडायचं, हे त्यांचं काम. पुढे बरीच वर्षं त्यांनी हेच काम पोरांना शिकवलं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा त्यांची नजर गेल्यात जमा होती. कडेचं हलतं तेवढं दिसायचं, मधलं सगळं धुरकट. अक्षर तर लागायचंच नाही.

ओळख व्हावी म्हणून मी रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन गेले. डबा रिकामा परत करायचा नसतो, ही आपली रीत मी त्यांना हसत हसत सांगितली. त्यांनी ती लगेच उचलली. दुसऱ्या दिवशी डबा दारात, आत त्यांच्या परसातली स्ट्रॉबेरी. मग म्हणाले, "तुझा आवाज स्पष्ट आहे. दर उन्हाळ्यात फुटबॉलचे नियम बदलतात. वाचून दाखवशील?" मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग.

त्यांच्या बैठकीत टीव्हीसमोर दोन खुर्च्या होत्या. पाठ मागे रेलणाऱ्या, पायाखाली फळी वर येणाऱ्या. एकीत ते बसत. दुसरीकडे मी वळले तेव्हा ते इतक्या घाईने "तिथे नको" म्हणाले की मी निमूट सोफ्यावर बसले. वारलेल्या बायकोची असेल, असं मला वाटलं. पण त्यांनी दोन ताटल्या घेतल्या, दोन लाडू काढले आणि एक ताटली त्या रिकाम्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवली. वाढलेलं पान मला ओळखू येतं. पितृपक्षात आम्हीही काढून ठेवतोच.

नियम मी वाचत गेले आणि कोच समजावत गेले. हवेत उडी मारून चेंडू झेलणारा गडी असहाय धरायचा, त्याच्या डोक्यामानेवर आदळायचं नाही. चेंडू हवेत असताना झेलणाऱ्याला हात लावायचा नाही. समोरच्यांनी गडी बदलले नाहीत तर बचाववाल्यांनाही बदलायला सवड मिळत नाही. ते दमलेलेच पुन्हा उभे. हल्ला करणाऱ्यांच्या धिप्पाड गड्यांना पासच्या वेळी तीन यार्ड पुढे घुसायची मुभा, म्हणजे आता पळणार की फेकणार, हे बचाववाल्याला कळायच्या आत खेळ हातचा गेलेला.

"पुन्हा आमच्याच मुळावर," ते दरवर्षी म्हणत.

मला तिडीक यायची. "कोच, पोरांची डोकी फुटू नयेत म्हणून आहे ना हे?"

"काही त्यासाठी आहेत," ते म्हणायचे. "ते मला मान्य आहेत. पण बाकीचे, लोकांना गुणफलक हलताना बघायला आवडतो म्हणून आहेत. दोन्ही एकाच कागदावर येतात आणि सही एकच होते."

हे त्यांचं बोलणं मला पटायचं, आणि पटतंय याचाही राग यायचा.

हळूहळू मी शनिवारीही जाऊन बसू लागले. ते आवाज बंद करून मॅच बघत. म्हणायचे, चेंडूकडे बघू नकोस, ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे बघ. मी मात्र त्यांच्याकडेच बघायचे. चेंडू सुटायच्या आधी, अगदी क्षणभर आधी, त्यांचा उजवा खांदा पुढे यायचा. धड दिसत काही नव्हतं त्यांना, तरी खांद्याला कळायचं. आणि तो पुढे आला की शेजारची रिकामी खुर्ची करकरायची. जुन्या कातड्याची होती, करकरणारच. टीव्ही बंद झाला की काळ्या पडद्यात सगळी खोली दिसायची. त्यात मी स्वतःला बघायचे, कोचना बघायचे. दुसऱ्या खुर्चीकडे मात्र मी कधी बघितलं नाही. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

प्रत्येक वाचनाच्या शेवटी त्यांचा एकच प्रश्न असायचा. "आणि माणूस हवेत असेल तर?" आधी पंधरा यार्डांचा दंड होता. मग दंड आणि वर गडी बाद. बाद म्हणजे क्रिकेटसारखा नव्हे, मैदानातूनच हाकलायचा, टीमच्या बाकावरसुद्धा थारा नाही. मी उत्तर द्यायचे, ते मान हलवायचे, आणि त्यांची मान वर्षागणिक थोडी अधिक खाली गेलेली असायची. नियम वाचल्याने माणूस वाकत नाही, हे मला कळतं. पण मी ते डोळ्यांनी बघितलंय.

अशाच एका नोव्हेंबरमधल्या शनिवारी मॅच संपल्यावर त्यांनी मला एक जुनी फिल्म लावायला सांगितली. रंग उडालेली, जेमतेम दहा सेकंदांची. एक पोरगा चेंडू झेलायला हवेत उंच उडालाय, हात पसरलेले, आणि पडद्याच्या कडेवरून दुसरा एक पोरगा खांदा पुढे घालून येतो. तो खांदा मी ओळखला. मग धडक. मग आजूबाजूची माणसं उड्या मारताना दिसतात. उडालेला पोरगा गवतावर पडून राहतो.

"तो परत उभा राहिला नाही," कोच म्हणाले. "चाकाच्या खुर्चीतच गेला, बऱ्याच वर्षांनी. मी एकदाही भेटायला गेलो नाही. पिवळा रुमाल पडला नव्हता ना? मग काय सांगायला जाणार होतो?" चूक झाली की तिथले पंच पिवळा रुमाल टाकतात. "तू सगळे नियम वाचलेस. आजच्या नियमाने हे काय आहे? खरं सांग."

आता इथे कुठलीही शहाणी बाई म्हणाली असती, त्या काळी ते चालत होतं, कोच, सोडून द्या. पण मी टेस्टिंगवाली. जुना कोड नव्या नियमावर चालवून पास की फेल सांगायचं, याची भाकरी मी खाते. मी फिल्म चार वेळा मागेपुढे केली. मानेपाशी थांबवून पडद्यावर बोट ठेवलं आणि कामाच्या आवाजात म्हणाले, "असहाय गडी, मानेवर धडक. पंधरा यार्ड आणि बाद."

जीभ चावली, पण तोवर उशीर झाला होता. कोच उठले. दुसऱ्या खुर्चीकडे तोंड करून क्षणभर उभे राहिले आणि खोलीतून निघून गेले. ते येतील म्हणून मी अर्धा तास बसले. शेवटी खुर्चीची करकर ऐकवेना, तेव्हा घरी पळाले.

दुसऱ्या दिवशी माझा डबा दारात होता. स्वच्छ धुतलेला, रिकामा.

पुढच्या शनिवारी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या बैठकीतला टीव्ही चालू दिसला. त्यांची खुर्ची मोकळी होती. दुसऱ्या खुर्चीची पायाखालची फळी मात्र वर आलेली, ज्याला आपले पाय उचलता येत नाहीत त्याच्यासाठी कोणी वर करून दिल्यासारखी. मी कचरा टाकायच्या निमित्ताने बाहेर गेले. गॅरेजचं दार अर्धं खाली होतं आणि फटीतून कोचचे बूट दिसत होते. हललेसुद्धा नाहीत. मी हाक मारली तर म्हणाले, "बाद झालेल्याने आत थांबायचं नसतं." उरलेल्या सीझनच्या प्रत्येक शनिवारी हेच. बर्फ पडायला लागलं तरी ते गॅरेजमध्ये, आणि आत टीव्ही त्या खुर्चीसाठी चालू. सीझन संपला तरी ते दुपारचे गॅरेजमध्येच बसत, बैठकीत पाऊल टाकेनात.

मुलीला मी सगळं सांगितलं, तर ती डोळे मोठे करून म्हणाली, "आई! यू लिटरली इजेक्टेड हिम फ्रॉम हिज ओन हाऊस." नवरा म्हणाला, "अगं, जाऊन सॉरी म्हण ना, यार." मी दोनदा गेले. ते म्हणाले, "तू बरोबर सांगितलंस." मला हेच नको होतं. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरातून मी बाहेर काढलं होतं, आणि वर तो मला शाबासकी देत होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

उन्हाळ्यात नवे नियम आले. मी ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच वाचले, काम सोडून. एका ओळीवर थांबले. तीनदा वाचली. मग घरी येऊन लाडू वळले, तो रिकामा आलेलाच डबा भरला आणि गॅरेजचं दार खालून ठोठावलं.

"कोच, एक नियम बदललाय. बाद झालेल्याला आता बाहेर घालवत नाहीत. खेळता येणार नाही, पण बाकावर बसता येतं. आपल्या माणसांत."

दाराआडून आवाज आला, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. ते उठले, माझा हात धरला आणि आम्ही आत गेलो. जून महिन्यातली लख्ख दुपार, टीव्ही बंद. दुसऱ्या खुर्चीची फळी वरच होती. कोच आपल्या खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. तिकडे वळून म्हणाले, "मी तुला भेटायला यायला हवं होतं. रुमाल पडो न पडो. मी भ्यालो." मग म्हणाले, "बसू का?"

बाबांच्या दहाव्याला नागपूरच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. उन्हात आम्ही ताटकळत होतो आणि शेवटी दादा मोठ्याने म्हणाला, आईला मी सांभाळेन, तेव्हा तो खाली उतरला. मी अगदी तशीच उभी होते. काळ्या पडद्याकडे बघायचं नाही, हे ठरवलं होतं, आणि मी बघितलं. दोन उभी माणसं, आणि खुर्चीत अंधार, खोलीत इतका उजेड असूनही.

काहीच होईना. तेव्हा माझ्या तोंडून मराठीच निघालं. त्या खुर्चीला हात जोडून मी म्हणाले, "चूक त्यांना कबूल आहे हो. बसू द्या त्यांना."

खट्ट झालं. फळी खाली गेली.

स्प्रिंग जुनी होती, मला माहीत आहे. कोच आपल्या खुर्चीत बसले, अगदी कडेला, बाकावर बसतात तसे, आणि तोंड झाकून रडले. मी दोन ताटल्या आणल्या आणि लाडू काढायला घेतले. पण स्टुलावर ठेवायचा लाडू मी इतका घट्ट धरला होता की तो ताटलीत ठेवतानाच फुटला.