तुटलेली ओळ

बावतीसचा शेवटचा फोन मी ऑफिसात घेतला. एप्रिलमधली दुपार होती, मी डबा उघडून बसलो होतो. "दिल्या, सकाळी पळायला जाऊन आलो तेव्हापासून छाती जड आहे. श्वास पुरत नाही," तो म्हणाला. मी त्याला डॉक्टरकडे जा म्हटलं नाही. मी म्हणालो, "प्रार्थना म्हणून दाखव." त्याने म्हटली. मध्ये एकदा अडखळला, श्वास घेतला, पुरी केली. "एकदाच तुटली," मी म्हणालो. "ऊन लागलंय तुला. सावलीत बस, हळू घे." संध्याकाळी मनवेलपाड्याला घरी जायला रिक्षात बसत होतो, तेव्हा त्याच्या बायकोचा, सेलिना वहिनींचा फोन आला... बावतीस गेला होता.

हे कळायला आमची जुनी पद्धत सांगायला हवी. बावतीस पापडीच्या बागायतदार घरातला, आणि एके काळी देशातल्या पहिल्या फळीचा मॅरेथॉन धावपटू. मी त्याचा प्रशिक्षक वगैरे नव्हतो. सायकलवरून शेजारी जाणारा, पाण्याची बाटली धरणारा मित्र. सरावाला आम्ही गास गावाकडच्या शेतांमधल्या रस्त्याने जायचो. आपल्याकडची हवा धावणाऱ्याला छळते. नुसतं ऊन एक वेळ चालतं, पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग आतल्या आत तापत जातं. अशा हवेत थंड गावातला वेग घड्याळात बघून धरला, तर सुरुवातीला वाचवलेली मिनिटं शेवटी दुपटीने जातात. म्हणून बावतीसने घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं आणि स्वतःचं माप शोधलं. धावता धावता तो 'आमच्या बापा' ही ख्रिस्ती प्रार्थना मोठ्याने म्हणायचा. न तुटता पुरी झाली तर वेग बरोबर. एकदा तुटली तर थोडं हळू. पुन्हा पुन्हा तुटायला लागली तर थांबायचं, डोक्यावर पाणी ओतायचं. ऐकायचं काम माझं, कारण त्याच्या मते दम लागला की माणूस स्वतःशी खोटं बोलतो. मी हिंदू, पण ती प्रार्थना मला पाठ झाली ती अशी, तुटायच्या जागांसकट.

मग एका वर्षी आमच्याच गावांच्या रस्त्यांवर निवडीची शर्यत आली. त्या वर्षी थंडी पडलीच नव्हती, आणि देशाच्या संघात निवड व्हायची तर बावतीसला पुढच्या जागांत यायलाच हवं होतं. शर्यतीत सायकलला परवानगी नसायची. मी आडवाटांनी पुढे जाऊन ठरलेल्या वळणांवर उभा राहायचो, तो समोरून जाताना तोंडातली ओळ ऐकायचो आणि हाताने खूण करायचो. पापडीत अख्खं गाव रस्त्यावर, वर बॅण्ड. पुढचे धावपटू केव्हाच निघून गेलेले, आणि आमचा माणूस मागून सावकाश येतोय. त्याचे काका ओरडले, "काय रे बावतीस, शर्यतीत आहेस की वरातीत?" बाया हसल्या. त्याचा जबडा आवळला, पाय भराभर पडायला लागले, आणि माझ्यासमोर येईतो ओळ तुटलेली. मी तळहात खाली दाबला... हळू. गावादेखत. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आता थुंकेल अंगावर. पण वेग उतरवला. ऊन चढलं तसे पुढचे एकेक चालायला लागले, एक जण तर झाडाला धरून उभा होता. बावतीस त्यांच्या बाजूने प्रार्थना म्हणत गेला. तो दुसरा आला आणि संघात गेला. संध्याकाळी काका त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वरात पोचली म्हणायची."

त्या दिवसापासून माझा शब्द त्याने कधी तपासून पाहिला नाही. शर्यती संपल्या, केस पांढरे झाले, तरी सकाळचं पळणं चालूच होतं. मधूनच फोन यायचा, "दिल्या, ऐक जरा." मी कान देऊन ऐकायचो आणि निकाल सांगायचो. मला या विश्वासाचा अभिमान होता, हे कबूल करतो. ऑफिसात, घरात माझं कोणी इतकं ऐकत नव्हतं. आणि म्हणूनच बहुधा त्या दुपारी मी मित्र म्हणून ऐकलंच नाही. सायकलवर बसलेल्या माणसासारखं ऐकलं. रस्त्यावर ओळ तुटते ती वेगामुळे. पण त्या दुपारी तो धावत नव्हता. बसलेल्या माणसाची प्रार्थना तुटली होती, आणि मी त्याला आणखी हळू घ्यायला सांगितलं. लोक म्हणतात, वेळ आली होती. म्हणणाऱ्यांना फोनचं ठाऊक नाही.

तो जाऊन महिना झाल्यावर चर्चमध्ये झालेल्या मिस्सेनंतर मी पापडीला त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या केळीची पानं पुसत होत्या, पुसत राहिल्या. "ठाऊक आहे मला. दवाखान्यात न्यायला मी रिक्षा बोलवत होते. तर म्हणाला, दिल्याने ऐकलंय, एकदाच तुटलीय." त्यांनी पुढचं पान उचललं. "तुमच्यावर रागावू का नको, ते मला अजून कळत नाही, भावजी," त्या म्हणाल्या. "चहा घ्या."

मागच्या अंगणात त्याची प्लॅस्टिकची खुर्ची भर उन्हात होती. चिकूची सावली पलीकडे पडलेली. मी उठून खुर्ची सावलीत ओढायला लागलो. "राहू द्या," आतून वहिनी म्हणाल्या. "दुपारी तिथेच येते सावली."

मी हात काढला. चहा निवला तरी पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने सावली आली... आधी खुर्चीच्या पायांवर, मग बैठकीवर, मग पाठीवर, तो टेकून बसायचा तिथे.