गावाच्या मापाचा अंदाज

आमच्या गावात सदरा शिवायला टाकला, की आधी हवामान ऐकून घ्यावं लागे. मास्तर गळ्यातला टेप काढायचे, छातीचं माप घ्यायचे आणि आकडा लिहून घेण्याआधी बजावायचे, "परवापासून उकाडा वाढून राह्यला. कालर ढिली ठेवतो." हे मास्तर शाळेचे नव्हेत, टेलर मास्तर. मारेगावच्या रस्त्यावर, एसटी थांब्याला लागून त्यांचं दुकान होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली रेडिओ आणि रेडिओखाली मशीन.

संध्याकाळच्या बातम्यांत हवामान लागलं, की मशीनवरचे त्यांचे पाय थांबत. मग शिवणाच्या खडूने ते दाराच्या काळ्या फळीवर एखाद-दोन ओळी लिहीत. रेडिओवरचं 'उष्णतेची लाट कायम राहील' फळीवर 'उद्या म्हाताऱ्यायनं बजारात जाऊ नये' असं उतरायचं. "रेडिओ अख्ख्या विदर्भाचा एकच सदरा शिवते," ते म्हणत, "मी तो आपल्या गावाच्या मापाचा कापतो." कापताना कधीकधी हात जास्तच चाले. एकदा त्यांनी 'वारा नाही' लिहिलं आणि दुपारी लग्नाचा मांडव उडून नाल्यात जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी फळीवर खुलासा आला, 'काल वारा होता.' नवरदेवाच्या मामाने तो वाचून दुकानासमोर बराच वेळ आरडाओरडा केला. मास्तर शांतपणे त्याच्याच पँटीला काज करत बसले होते.

आभाळाकडे बघून भाकीत करणाऱ्यांचा मात्र त्यांना भारी राग. "आभाय सगळ्यायलेच दिसते. बातमी आइकाले कान लागते," असं म्हणून ते भल्याभल्यांना गप्प करत.

ती कापसाची वाईट वर्षं होती. दोन हंगाम पराटीने लागोपाठ दगा दिला होता आणि जो तो उतावीळ झाला होता. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी होते. त्या वर्षीचा नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, ज्यांत एरवी आमच्याकडे कुत्रंही सावली सोडत नाही, चक्क मवाळ निघाला. ढग, गार वारा, दोनदा शिंतोडे. कूलर बंद पडले, बायका भर दुपारी ओट्यावर येऊन बसू लागल्या. सगळं गाव खुशीत होतं आणि त्याच खुशीत धूळपेरणीच्या गोष्टी सुरू झाल्या. कोरड्या मातीत सरकी टोबून ठेवायची, मागून पाऊस आला तर पीक पंधरा दिवस पुढे. नाही आला तर बी मातीतच करपणार. आमच्या घरात सरकीच्या दोन थैल्या होत्या, तिसरी मिळायची नव्हती. बाबांचा विचार पक्का होता.

त्या संध्याकाळी दुकानासमोर दहा-बारा जण जमले. रेडिओ म्हणाला, पुढील चार दिवस विदर्भात तापमान सरासरीपेक्षा कमी राहील, तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता. बाबा उठलेच.

"झालं, मास्तर. उद्या टोबतो."

"तुरळक म्हने ते, भाऊ."

"सरी तं म्हने ना?"

मास्तरांनी वाद घातला नाही. टेबलावर एक सदरा इस्त्रीसाठी पसरलेला होता. त्यावर त्यांनी तांब्यातलं पाणी बोटांनी शिंपडलं. "हे तुरळक," ते म्हणाले. मग कोळशाची इस्त्री एकदाच फिरवली. चर्र आवाज झाला आणि कापड कोरडं. "हे पुढच्या हप्त्याचं ऊन. आता सांगा, याच्यात सरकी उगन काय?"

"तुमी कपडे शिवा, मास्तर," असं म्हणून बाबा तरातरा घरी आले. पण थैल्या त्यांनी पुन्हा माळ्यावर ठेवल्या.

आठवड्याने ऊन परतलं ते असं, की घाईने पेरलेली दोन-तीन वावरं होरपळून गेली. आम्ही मृगाच्या पावसावर पेरलं, आणि आमची सरकी ओळीने एकसारखी उगवली. बाबांनी चूक तोंडाने कबूल केली नाही, पण मास्तरांकडे एक नवा सदरा शिवायला टाकला. मास्तरांना तेवढं कळलं.

पुढे मास्तर लोहाऱ्याला मुलाकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. त्यांची आठवण आली की मला आधी हसू येतं. मग आठवतं, ते बाबांनी मास्तर गेल्यावर सांगितलेलं.

मास्तरांचं एक एकर वावर होतं, नाल्याच्या पार टोकाला. तिकडे कुणी फारसं जात नसे. त्या वर्षी पहिल्या पावसानंतर बाबा सुटलेला बैल शोधत तिथवर गेले. मास्तर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, उकिडवे बसून ज्वारी पेरत होते आणि ओळीओळीत सरकीचे जळालेले कोंब होते. काकूंनीच सांगितलं, इस्त्री फिरवली त्याच दिवशी सकाळी, गार वाऱ्याला भुलून, बातमीची वाट न पाहता, मास्तर आपली सगळी सरकी टोबून आले होते.

"मंग संध्याकाळी आमाले काहून अडवलं?" बाबांनी विचारलं. "तुमाले तं पाऊस पाह्यजेच होता."

मास्तर मातीतून हात न काढता म्हणाले, "माहं सकाळीच मातीत गेलतं, भाऊ. तुमचं अजून घरात होतं."